पुरात न भिजलेला ॲम्प

डॉक्टरांनी आमच्या गायिकेचं तोंड बंद केलं आणि खापर फुटलं माझ्या ॲम्पवर.

इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर कानाशी डास गुणगुणल्यासारखी वाजते. तिला आवाज देणारी पेटी म्हणजे ॲम्प. आमच्या बँडमध्ये ॲम्प माझा, गिटार माझी, सरावाचं मंगळवार पेठेतलं गोडाऊन माझं आणि सरावात ढोसला जाणारा चहाही माझाच. आम्ही ब्लूज आणि सोल वाजवतो, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी. कोल्हापुरात हे आवडीनं ऐकणारी माणसं सीटवर भाडं घेणाऱ्या एका वडापच्या जीपमध्ये बसतील आणि वर मागं जागा उरेल. हे गाऊ शकणारा गळा तर गावात एकच आहे. तिला सगळे आपा म्हणतात. माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, तरी मीही आपाच म्हणतो. मामाच्या लग्नाच्या बँडमध्ये, ढकलगाडीवर बसून, कर्ण्यांच्या शेजारी गात ती मोठी झाली. आता ब्लाउज शिवते. इंग्रजी गाण्यांचे शब्द ती देवनागरीत उतरवून घ्यायची आणि असं गायची की अर्थ न कळताही ऐकणारा हातातलं काम सोडायचा.

तिच्या गळ्यात गाठी आल्या. काही दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असा हुकूम झाला. नंतरही पुन्हा ओरडून गायची वेळ आली तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर गळा कसा राहील याची खात्री कोणी देणार नाही. हे मला आमच्या ड्रमवाल्याकडून कळलं. त्याचं गॅरेज आहे, तो मला मालक म्हणतो, आणि मालकाशी कसं बोलावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

"मालक, आपा सोडणार हाय."

"कुणी ठरवलं?"

"ठरलंय. तुमच्या त्या ॲम्पवर वरडून वरडून तिचा गळा गेला. दुसरा घेतलासा तर ऱ्हाईल म्हणती. न्हाईतर न्हाई."

"आणि हे माझ्या माघारी ठरवलं? माझ्या गोडाऊनात बसून? माझा चहा पिऊन?"

"माघारी कुठं? तुमी समोरच बसला हुता की. तारा बदलत हुता. बोलणं बंद व्हायच्या आधी आपानं दोनदा सांगितलं."

मला ते आजही खरं वाटत नाही. त्यांनी मला वगळून ठरवलं, ही गोष्ट मी मनात ठेवलेली आहे आणि ठेवणार आहे.

पण घाबरलो, हे खरं. मी इचलकरंजीत कापडाच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये वाढलो. सुताच्या कांड्या भरण्यापासून सुरुवात केली, मग माग दुरुस्त करणारा जॉबर झालो, मग जुने माग आणि त्यांचे सुटे भाग विकत घेऊन विकायला लागलो. कुणाच्या बापाचं घेतलं नाही. शेडमध्ये आम्ही एकमेकांशी ओठ बघून बोलायचो, कारण आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पन्नाशीच्या जवळ आल्यावर मी पहिल्यांदा ब्लूज ऐकलं. तेच तेच तीन सूर फिरून फिरून येतात, मागासारखे, आणि त्या फिरण्यावर एक माणूस आपलं रडगाणं घालतो. मला वाटलं, हे कुणीतरी आमच्या शेडमध्ये उभं राहून बांधलंय. त्यानंतर गिटार शिकलो. बोटं जाड, वय गेलेलं. पण आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळी सोडल्या तर मी दिवसभर लोकांशी भांडतच असतो. आपा गेली तर त्या दोन संध्याकाळीही जाणार होत्या. तिच्या जागी आणायला माणूस नव्हतं.

म्हणून ॲम्प शोधायला लागलो. जुना मी एका साउंडवाल्याकडून घेतला होता, गणपती झाल्यावर, त्याला पैशाची गरज असताना. वजनावरून पसंत केला होता. मोटर घेताना मी आतलं तांबं बघतो, तसंच इथं केलं. चौघांना उचलेना म्हणजे माल भरपूर. तो वाजायचा मात्र पत्र्यावर खडे ओतल्यासारखा.

ब्लूजला गिटारचा आवाज किंचित फाटावा लागतो. रडताना माणसाचा फाटतो तेवढाच. सोलला तो स्वच्छ आणि तुटक लागतो. हे दोन्ही एकाच पेटीतून हवं असेल तर जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह असलेला ॲम्प घ्यावा, इतकं मी विचारून विचारून शिकलो होतो. शहरातल्या दुकानात तसा एक मिळाला. भलामोठा. आपा सोबत होती. ती स्टुलावर, गळ्याला स्कार्फ गुंडाळून, मुकाट. मी आवाजाचं बटण फिरवत गेलो. अर्ध्यापर्यंत आवाज मिळमिळीत. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर मात्र असा सूर सुटला की अंगावर काटा आला. तेवढ्यात दुकानाच्या काचा थरथरल्या आणि दुकानदार काउंटरवरून धावत आला.

"साहेब, कमी करा! शेजारी दातांचा दवाखाना हाय!"

"मग कमी केल्यावर वाजंल असा दाखवा की!"

"मोठा व्हॉल्व्ह मोठ्यानंच वाजतो, साहेब. म्हशीला मांजरागत चालवता येतंय व्हय?"

त्यावर मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बाहेर आलो तर आपा दोन्ही कानांवर हात ठेवून रस्त्यात उभी होती. तिनं ते माझ्यासमोर खाली घेतले नाहीत.

मग ड्रमवाल्याला मोबाईलवर एक जाहिरात सापडली. शिरोळकडच्या एका गावात एकजण व्हॉल्व्हचा लहान ॲम्प विकत होता. एकच स्पीकर, एका हातानं उचलेल एवढा. लहान असल्यामुळं तो थोड्या आवाजातच फाटायला लागेल, गायिकेला झाकणार नाही. हेच हवं होतं. इतकं हेच हवं होतं की मला रस्ताभर घाम फुटत होता.

आम्ही तिघं ड्रमवाल्याच्या टेम्पोत पुढं बसलो. दोन्ही बाजूंनी ऊस. मी दोघांना बजावलं, "मालाचं कौतुक कुणी करायचं न्हाई. डोळ्यातसुद्धा दिसलं न्हाई पाहिजे."

"आपा तर बोलणारच न्हाई," ड्रमवाला म्हणाला. "ऱ्हायलो मी."

"तू थोबाड मिटून ठेव."

हा आमचा जुना नियम आहे. म्हशीच्या बाजारात जी म्हैस मनात भरली तिला सगळ्यात जास्त नावं ठेवायची. शिंग वाकडं, सड बारीक, डोळ्यात खोड. विकणाराही काही मनाला लावून घेत नाही. कोण जास्त नावं ठेवतोय त्यावरून गिऱ्हाईक पक्कं झालं हे तो ओळखतो. मी माग असेच घेतले, गोडाऊनची जागा अशीच घेतली. ज्याची गरज आहे त्याची स्तुती केली की संपलास. एखाद्या संध्याकाळी आपाच्या गाण्यानं आमचा कीबोर्डवाला डोळे पुसायचा, तेव्हाही मी म्हणायचो, "दुसऱ्या कडव्याला घाई झाली."

घर रस्त्याला लागूनच होतं. विकणारा सत्तरीचा, ताठ, दाढी केलेला. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आता बोटं वळत नव्हती म्हणून विकायला काढला होता. ॲम्प कोचाशेजारी, धुतलेल्या चादरीखाली. त्यानं चादर काढली ती घडी घालून ठेवली. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि दारातच उभी राहिली.

मी गिटार जोडली. एक सूर लावला.

काय सांगू. तो सूर कडेला थोडासा उसवला आणि तसाच लोंबत राहिला. मी आयुष्यभर मशिनं ऐकली आहेत, बरं चाललेलं मशीन मला ऐकताक्षणी कळतं. मला तो तिथल्या तिथं उचलून पळत सुटावंसं वाटलं. आपा पुढं सरकून बसली होती. तिच्याकडं मी बघितलं नाही, कारण तिच्या डोळ्यात सगळं दिसत असणार आणि ते म्हाताऱ्यालाही दिसत असणार.

मी गिटार खाली ठेवली.

"खेळणं हाय हे," मी म्हणालो. "पोरास्नी द्यायला बरं."

म्हाताऱ्यानं चादरीची घडी मांडीवर घेतली.

"कापड विरलंय. बटणाला खरखर हाय." मी ॲम्प फिरवला, मागून टॉर्च मारली. आत सगळं लख्ख होतं, धूळसुद्धा पुसलेली. आता त्या भागात पुरानंतर ट्रॅक्टर घ्या, मोटर घ्या, फ्रिज घ्या, किंमत पाडायचा एक हुकमी डाव आहे. जिभेला सवय होती. "आणि ही बघा रेघ. पुराचं पाणी गेलंय आत. भिजलेला माल हाय."

म्हाताऱ्यानं वाकून पेटीत बघितलं.

"ह्यो?" म्हातारा म्हणाला. "ह्यो भिजला म्हणता?"

"रेघ दिसतीया."

दारातून त्याची बायको बोलली. "दोन्ही पुरात आमचं तांदूळ गेलं, गाद्या गेल्या, माझी शिलाई मशीन गेली. ह्यो गेला न्हाई. आधी ह्यो गच्चीवर न्हेला ह्यांनी, मग मला हाक मारली."

ड्रमवाल्याला हसू आलं. म्हाताऱ्याला आलं नाही. त्यानं चादर उलगडली, ॲम्पवर घातली, चारी कोपरे सारखे केले. "पावणं, च्या घेऊन जावा. भिजलेला माल तुमाला विकून मला पाप न्हाई लावून घ्यायचं."

"अहो, किंमत सांगा की. बोलायला काय जातंय?"

"न्हाई विकायचा."

बाजारात 'न्हाई विकायचा' म्हणजे बोलणं सुरू झालं. म्हणून मी वाट बघत बसलो. चहा आला, संपला. म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा मला कळलं की हा माणूस बाजारातला नाही. त्यानं माझं बोलणं खरं धरलं होतं.

आम्ही टेम्पोत येऊन बसलो. ड्रमवाल्यानं किल्ली फिरवली नाही. आपा मोबाईलवर काहीतरी टाईप करत होती. मग तिनं तो माझ्यासमोर धरला.

"रेघ नव्हती. मी पण बघितलं."

"धंद्यात तसंच बोलतात, आपा."

तिनं पुन्हा टाईप केलं. या वेळी वेळ लागला. दोनदा खोडलं.

"माझ्या गाण्याला पण रोज अशीच रेघ काढता ना? मला वाटायचं खरंच आहे. म्हणून अजून जोर लावायची."

मी भडकलो. मी काय काय बोललो! कुणी जागा दिली, कुणी वायरी आणल्या, कुणी कार्यक्रम मिळवले, आणि माझ्या माघारी ठरवणारे तुम्ही कोण. ती ऐकत राहिली. उत्तर द्यायला गळा नव्हता, आणि मुक्या माणसाशी भांडण्यासारखी वाईट गोष्ट नाही. आपलेच शब्द परत येऊन आपल्यालाच लागतात. शेवटी तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि समोर बघत बसली. ती चेन ओढणं मी ओळखलं. ब्लाउजाचं गिऱ्हाईक पटलं नाही की ती टेप असाच गुंडाळून ठेवते आणि पुन्हा काढत नाही.

मी दार उघडून उतरलो. उसाच्या कडेनं बराच चालत गेलो. मागून ड्रमवाल्याच्या हाका येत असतील, मला आल्या नाहीत. डोक्यात एकच चाललं होतं, पुढच्या आठवड्यात गोडाऊन उघडायचं आणि आत कुणी नसणार. मी एकटा बसून ते तीन सूर फिरवणार. साठीला टेकलेला माणूस, भोवती मागाचे सुटे भाग. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही, त्याचाही राग आला.

परत फिरलो आणि सरळ म्हाताऱ्याच्या दारात गेलो.

"ॲम्प चांगला हाय," मी म्हणालो.

तो जेवायच्या तयारीत होता. "मघाशी भिजलेला हुता. आता वाळला व्हय?"

"मघाशी खोटं बोललो."

"आणि आता?"

"आता खरं."

"कशावरनं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल ती किंमत. त्याचा चेहरा आणखी घट्ट झाला. त्याहून जास्त देतो म्हणालो. तो उठूनच उभा राहिला. "सारखं पैशाचं काय लावलंय?" माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं हत्यार तिथं बोथट झालं. आपा आणि ड्रमवाला एव्हाना मागं येऊन उभे होते. मला ते माहीत नव्हतं.

"मला कमी ऐकू येतंय," मी म्हणालो. "मागावर गेले कान. म्हणून मी मोठ्यानं वाजवतो. ती माझ्यावर वरडून वरडून गाती. तिचा गळा गेला. ह्या पेटीबिगर ती गाणार न्हाई, आणि ती गायली न्हाई तर मला काय बी न्हाई."

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ती टीव्हीचा आवाज कमी करत राहते आणि मी भांडत राहतो.

म्हातारा परत खाली बसला. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. "ही व्हय गाणारी?" मी वळलो तेव्हा मला ते दोघं दिसले.

"वाजवा," म्हातारा म्हणाला. "हळू वाजवा."

ड्रमवाल्यानं टेम्पोतून गिटार आणून दिली. मी खुर्चीत बसलो, ॲम्प जमिनीवर पुढं ओढला, गिटार जोडली. वाजवायला लागलो आणि सवयीनं हात बटणाकडं गेला, कारण हळू वाजवलेलं मला पुरेसं ऐकूच येत नव्हतं. आपानं माझा हात बाजूला केला. तिनं स्वयंपाकघरातून लोखंडी स्टूल ओढत आणलं, ॲम्प उचलला आणि त्यावर ठेवला, मी बसलो होतो त्या खुर्चीला लागून, माझ्या कानाच्या बरोबरीनं. मग बटण होतं त्याच्याही खाली आणलं. लग्नाच्या गाडीवर कर्णे डोक्याच्या उंचीला बांधतात. खाली बांधले तर गाणाऱ्याला काही कळत नाही आणि पुढं चालणाऱ्या घोड्याचे कान फुटतात. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मला सांगितलंही असेल. तेही मी ऐकलं नसेल.

मी वाजवलं. सगळं ऐकू आलं. बोट तारेवरून सरकताना होणारी खसखस ऐकू आली. माझा जुना ॲम्प इतकी वर्षं माझ्या गुडघ्यांना आणि तिच्या पाठीला गाणं ऐकवत होता.

म्हाताऱ्याची वाकडी बोटं मांडीवर ताल धरत होती. मी थांबल्यावर त्यानं चादर पुन्हा घडी केली आणि ॲम्पवर ठेवली. "ही चादर बी न्या. किंमत जाहिरातीत लिवली ती. एक रुपाया कमी न्हाई, एक जास्त न्हाई. पण मी ह्यो तुमाला देत न्हाई. ह्या बाईला देतो. तिचा ॲम्प. तुमी वाजवायचा तेवढा."

पैसे मी मोजले, मालकीण ती झाली. असा सौदा मी जन्मात केला नव्हता. टेम्पोत ॲम्प तिच्या मांडीवर होता. तिनं दोन्ही हातांनी धरला होता, पण माझ्याकडं बघत नव्हती, आणि पर्सची चेन बंदच होती. ती राहणार की जाणार, हे मला कोल्हापूर येईपर्यंत कळलं नाही, त्यानंतरही कितीतरी दिवस कळलं नाही. ॲम्प तिच्या घरी होता. गोडाऊन बंद होतं. विचारायला फोन केला तर ती बोलू शकत नव्हती. मी तीनचारदा फोन उचलून ठेवून दिला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती आली. रिक्षातून ॲम्प घेऊन आली, स्वतःच्या घरचं स्टूलही घेऊन आली, कारण माझ्या गोडाऊनातल्या स्टुलावर तिचा भरवसा नव्हता. ॲम्प ठेवला, बटण स्वतः लावलं. ड्रमवाल्यानं काठ्यांऐवजी हळू वाजणारे तारांचे ब्रश घेतले. एकच गाणं, तेही अर्ध्या आवाजात, एवढीच मुभा होती.

ती गायली. गिटारच्या वरून तिचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. श्वास कुठं घेते तेसुद्धा. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, खालून जाड झाला होता. शेवटी वर चढायची जागा आली तेव्हा ती चढली आणि सूर मधेच तुटला. नुसती हवा आली. ती थांबली. ड्रमवाला ड्रमकडं बघायला लागला. कीबोर्डवाल्यानं हात मांडीवर घेतले.

ती माझ्याकडं वळली. मी काय बोलतो याची वाट बघत होती, आणि पर्स तिच्या पायाशीच होती.

तोंडावर आलेलं मी गिळलं.

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"खोटं बोलता, शेठ." तिचा आवाज घोगरा, जपून टाकलेला. "वरचा सूर गेला."

"गेला," मी म्हणालो. "तरी चांगलं झालं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, शेडमध्ये आम्ही एकमेकांच्या ओठांकडं बघायचो तशी. मग हात लांब करून तिनं माझं बटण केसभर आणखी खाली घेतलं.

"पहिल्यापासनं घ्या," ती म्हणाली. "वर न्हाई जाणार मी. खालनंच गाते."